परागकोशातून भाताचं वाण: लॅबच्या आधी पोटरी ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. रायगडच्या खारपट्ट्यातला एक जुना रता, म्हणजे खार सहन करणारं तिथलं स्थानिक भात, आणि बारीक दाण्याचं एक सुधारित वाण यांचा संकर तुमच्याकडे तयार आहे. एफ-१ची, म्हणजे संकराच्या पहिल्या पिढीची, चाळीसेक रोपं या खरिपात लागतील. परागकोश संवर्धन केलं, म्हणजे फुलातले परागकोश काचेत वाढवून परागकणांतून रोपं काढली, की वर्षभरात स्थिर वाण हातात येतं, असं कळल्यावर तुमचे मालक लॅबसाठी पैसे मोकळे करायला तयार झालेत. मग सहा पिढ्या खाचरात घालवायच्या कशाला, आणि सुरुवात कुठून करायची?

वर्षभरात स्थिर लाइनी, म्हणजे पुढच्या पिढीत न बदलणारी रोपांची कुळं, मिळतात हे खरं. वाण मिळत नाही. डबल्ड हॅप्लॉइड (हॅप्लॉइड म्हणजे गुणसूत्रांचा एकच संच असलेलं रोप, तो संच दुप्पट केला की डबल्ड), म्हणजे आपल्या बोलण्यातलं डीएच, हे तंत्र निवड करून देत नाही. हाती लागेल ते जसंच्या तसं पक्कं करून देतं. चांगलंही पक्कं करतं आणि रद्दीही. पंचवीस वर्षं या कामात काढल्यावर मला तर वाटतं, अर्धाअधिक निकाल लॅबच्या दाराबाहेरच लागलेला असतो: कुठला संकर घेतला आणि लोंबी कुठल्या दिवशी कापली. म्हणून लॅबचं शेवटी बोलू.

आधी हिशेब. एफ-१ रोपात गुणसूत्रांचा एक संच रत्याचा, एक सुधारित वाणाचा. जिथे जिथे दोघांत फरक आहे तिथे तिथे जनुकाच्या दोन प्रती वेगळ्या. भात स्वतःच्याच परागावर फळत गेला की हा वेगळेपणा दर पिढीला निम्मा होतो. एफ-२ मध्ये ५० टक्के, एफ-३ मध्ये २५, असं करत एफ-६ला ३ टक्क्यांवर येतो. भाताच्या पेशीत गुणसूत्रं २४, परागकणात १२. त्या १२ गुणसूत्रांचंच रोप वाढवलं आणि मग त्यांची दुप्पट केली, तर दुसरा संच पहिल्याची हुबेहूब नक्कल असतो. वेगळेपणा एका फटक्यात शून्य.

दुसरा फायदा याहून मोठा आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. समजा तुम्हाला पाच जनुकं हवी तशी आणि पक्की हवी आहेत, आणि ती एकमेकांना बांधलेली नाहीत. एफ-२मध्ये असं रोप १०२४त एक सापडेल. डीएचमध्ये ३२त एक. शिवाय डीएचमध्ये काही झाकलेलं राहत नाही, लाइन जशी दिसते तशीच ती असते. ओळखायला सोपं, आणि मार्करने, म्हणजे जनुकाची जागा दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणेने, तपासायलाही सरळ.

याची मुळं आपल्याकडेच आहेत. १९६४ साली दिल्ली विद्यापीठात सिप्रा गुहा आणि सतीशचंद्र माहेश्वरी यांनी धोतऱ्याच्या एका जातीचे परागकोश काचेत वाढवले, आणि परागकणांतून थेट भ्रूण आले. चार वर्षांनी जपानमध्ये नीझेकी आणि ओओनो यांनी तेच भातात करून दाखवलं. पुढे चीनने झोंगहुआ मालिकेतली वाणं काढली, कोरियाने १९८५मध्ये ह्वासेओंग. ही बहुतेक जॅपोनिका, म्हणजे जपान-कोरियाकडच्या गटातली भातं (आपल्याकडचा गट इंडिका), हे लक्षात ठेवा, त्यावर पुढे येतोच. तुमच्या कामाचं उदाहरण मात्र फिलिपीन्सचं आहे. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत परागकोशातून आलेली एक लाइन १९९५मध्ये तिथे पीएसबी आरसी-५० या नावाने खाऱ्या जमिनीसाठी प्रसारित झाली. म्हणजे खार सहन करणारं भात या वाटेने निघू शकतं, हे सिद्ध झालेलं आहे. कटकच्या भात संशोधन संस्थेनेही संकरित भातापासून सत्यकृष्णा आणि फाल्गुनी ही वाणं परागकोशातून काढली. शेतकऱ्याला दरवर्षी संकरित बियाणं विकत न घेता त्याच्या जवळपास जाणारं, घरी राखता येणारं बियाणं मिळावं, हा त्यामागचा विचार. (संकराचा सगळा जोम पक्का होत नाही. दोन वेगळ्या प्रती एकत्र असण्यामुळे जो येतो तो जातोच.)

आता पोटरी, म्हणजे बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात फुगलेली लोंबी. भात पोटरीत आला की ध्वजपानाचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पानाचा, सांधा आणि त्याच्या खालच्या पानाचा सांधा यांतलं अंतर पट्टीने मोजायचं. साधारण ५ ते १० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी योग्य वेळ असते. 'कुठेतरी' हा शब्द मुद्दाम वापरला. प्रत्येक वाणाची जागा वेगळी, आणि त्याच वाणाची खरिपात एक तर उन्हाळीत दुसरी. यासाठी तयार तक्ता कुणाकडे मागू नका, स्वतः करा. ४ सेंटिमीटरपासून ११पर्यंत प्रत्येक अंतराच्या दोन-दोन पोटऱ्या आणा, लोंबीच्या मधल्या भागातला एक दाणा उघडा, एक परागकोश काचपट्टीवर ॲसिटोकार्माइन या रंगद्रव्यात चुरडा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. चार-चार कण चिकटून बसलेले दिसले तर फार लवकर आलात. कण गोल आहे, आत मोठी पोकळी आहे आणि एकच केंद्रक भिंतीला जाऊन टेकलंय, तर हीच ती वेळ. आतमध्ये पिठूळ कण भरायला लागले असतील तर गाडी सुटली. तो परागकण आता पराग होणारच, त्याचं रोप होणार नाही.

दहा-पंधरा दिवसांत सूक्ष्मदर्शकाची गरज कमी होते. दाणा उजेडासमोर धरला की तुसाच्या आत परागकोशाची सावली दिसते. ती तुसाच्या तळापासून तिसऱ्या भागाच्या वर आणि निम्म्याच्या आत असेल आणि रंग पांढुरका-हिरवट असेल तर ठीक. पिवळसर झाक आली की सोडून द्या. लोंबीत वरचे दाणे पुढे असतात आणि खालचे मागे, म्हणून मधलेच घ्यायचे. मुख्य काडी आणि पहिले दोन-तीन फुटवे चालतात. उशिरा आलेल्या फुटव्यांच्या लोंब्या मी घेत नाही. कुंडीतल्या रोपापेक्षा उन्हात वाढलेलं खाचरातलं रोप नेहमी चांगलं.

कापलेली पोटरी ओल्या फडक्यात आणि वरून फॉइलमध्ये गुंडाळून साधारण १० अंशांवर सात ते दहा दिवस ठेवायची. थंडीच्या या धक्क्याने कोवळा परागकण आपली ठरलेली वाट सोडतो आणि त्याचं भ्रूणाकडे किंवा कॅलसकडे (पेशींच्या आकारहीन गोळ्याकडे) वळण्याचं प्रमाण वाढतं. ऐकायला सोपं आहे. मी पूर्वी एका लॅबमध्ये होतो, तिथे पोटऱ्या साध्या घरगुती फ्रिजमध्ये ठेवायचो. गणपतीच्या सुट्टीआधी कुणीतरी दूध नासू नये म्हणून फ्रिजचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. गौरी-विसर्जनानंतर येऊन बघतो तर सगळी तुसं काळपट, पाणी धरलेली. दोनशेच्या वर पोटऱ्या. संकराचा एक पालक दिवसमानाला बांधलेला, म्हणजे पुन्हा पोटरी पुढच्या सप्टेंबरलाच. तेव्हापासून मी फ्रिजमध्ये पाण्याची बाटली आणि त्या बाटलीत थर्मामीटर ठेवतो आणि दारावर कुलूप लावतो. कुलूप थर्मामीटरपेक्षा जास्त उपयोगी पडलंय.

पेरणीचं तंत्र एकदा बघितलं की येतं. निर्जंतुक केलेला दाणा परागकोशाच्या जरा खाली कात्रीने कापायचा, वरच्या टोकाला चिमट्याने धरायचा आणि पेट्री डिशच्या कडेवर टिचकी मारल्यासारखा आपटायचा. सहाही परागकोश टपटप मीडियावर, म्हणजे डिशमधल्या पोषक माध्यमावर, पडतात. बोटांनी ओढायला गेलात की ते चिरडतात, आणि चिरडलेल्या परागकोशाच्या भिंतीतून नको तो कॅलस येतो. मीडिया एन-सिक्स. चिनी शास्त्रज्ञांनी १९७५मध्ये भातासाठीच बसवलेला, अमोनियम कमी असलेला. त्यात टू-फोर-डी लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास, थोडं कायनेटिन (ही दोन्ही वाढीची संप्रेरकं), आणि नेहमीच्या साखरेऐवजी माल्टोज. माल्टोज महाग पडतं म्हणून मालक कुरकुरतील. इंडिका भातात तो खर्च वाचवू नका. डिश अंधारात, २५ अंशांवर. चौथ्या आठवड्यापासून तपकिरी पडलेल्या परागकोशातून ज्वारीच्या कणीएवढे पिवळट कॅलस डोकावतात.

इथून पुढे मन घट्ट करावं लागतं. जॅपोनिका भात जितकं सहज साथ देतं तितकं इंडिका देत नाही. आपल्याकडची जवळपास सगळी भातं इंडिका. हजार परागकोशांमागे हिरवी रोपं बोटांवर मोजण्याइतकी आली तरी मी ती बॅच वाईट धरत नाही. आणि जी येतात त्यांतली बरीच पांढरीशुभ्र. पहिल्यांदा रॅकवर ती रांग बघितली तेव्हा मी मीडियात लोह घालायला विसरलो की काय म्हणून वही तपासत बसलो होतो. तसं नसतं. परागकणातून येणाऱ्या या पांढऱ्या रोपांमध्ये हरितलवकाच्या स्वतःच्या डीएनएचे मोठे तुकडेच गळालेले आढळतात. अशी रोपं बाटलीतल्या साखरेवर जगतात आणि बाहेर काढली की मरतात. त्यांच्यावर औषध नाही. फक्त प्रमाण कमी करता येतं. कॅलस १-२ मिलिमीटरचा झाला की लगेच रोपं फुटवणाऱ्या दुसऱ्या मीडियावर हलवायचा, 'अजून थोडा वाढू दे' म्हणून थांबायचं नाही. कॅलस जितका जुना तितकी पांढरी रोपं जास्त. बाकी बरंचसं वाणाच्या रक्तात असतं. तुमच्या दोन पालकांपैकी एक जरी साथ देणारा निघाला तर एफ-१ सहसा बरा वागतो. म्हणून एफ-१ला हात लावण्याआधी दोन्ही पालकांचे पाचशे-पाचशे परागकोश पेरून बघा.

हिरवी रोपं मातीत गेली की ती तीन प्रकारची निघतात. काही हॅप्लॉइडच राहिलेली: बुटकी, पानं अरुंद, दाणे बारके. लोंबी निसवते पण एक दाणा भरत नाही, सगळं पळिंज. काहींची गुणसूत्रं काचेतच आपोआप दुप्पट झालेली. भातात हे प्रमाण चांगलं असतं, बरेचदा निम्म्याच्या आसपास, त्यामुळे पुष्कळदा वेगळं काही करावंच लागत नाही. हीच तुमची डीएच. तिसरा प्रकार फसवा. परागकोशाच्या भिंतीच्या पेशींतून आलेलं रोप हिरवं, जोमदार, दाणे भरलेलं असतं आणि डीएचसारखंच दिसतं. पण ते म्हणजे तुमचा एफ-१च, पुन्हा एकदा. त्याचं बी पेरलं की ओळीत कुठे उंच, कुठे बुटकं, सगळी खिचडी.

हे पकडायला गुणसूत्रं मोजून भागत नाही, कारण दोघांतही २४च. पालकांमध्ये फरक दाखवणारे पाच-सहा एसएसआर मार्कर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्तींवर आधारलेले) घ्या आणि जेल चालवा, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून रेघा बघा. एफ-१च्या पट्टीत दोन रेघा येतात, एक रत्याची, एक दुसऱ्याची. खऱ्या डीएचमध्ये प्रत्येक मार्करला एकच रेघ असते, कधी इकडची, कधी तिकडची. दोन रेघा दिसल्या की ते रोप बाजूला. ही तपासणी रोप हार्डनिंगला, म्हणजे बाटलीतून काढून बाहेरच्या हवेची सवय लावताना, असतानाच करा, नाहीतर उन्हाळीत त्याला जागा, पाणी आणि राखणदार सगळं फुकट जातं.

उरलेल्या हॅप्लॉइडना कोल्चिसिन द्यावं लागतं. फुटवे सुटे करून मुळं छाटायची आणि ०.१ टक्क्याच्या द्रावणात काही तास बुडवून ठेवायचं, मग वाहत्या पाण्यात भरपूर धुवायचं. कोकणात पावसाळ्यात कुंपणावर लालपिवळी फुलं फुलवणाऱ्या कळलावीत हेच द्रव्य असतं, आणि कळलावी विषारी हे आजीला विचारा. हातमोजे, चष्मा, आणि धुतलेलं पाणी उघड्या गटारात नाही. दुर्मीळ लाइन असेल तरच मी कोल्चिसिनच्या भानगडीत पडतो.

बाकी तृणधान्यांचं तुम्ही ओझरतं विचारलंत, म्हणून ओझरतंच. गव्हात परागकोशापेक्षा आता वेगळी वाट जास्त चालते. ओंबीतले परागकोश काढून टाकायचे आणि त्यावर मक्याचा ताजा पराग टाकायचा. फलन होतं, पण पहिल्या काही पेशीविभाजनांतच मक्याची गुणसूत्रं बाहेर फेकली जातात आणि गव्हाचा २१ गुणसूत्रांचा हॅप्लॉइड भ्रूण मागे राहतो. १९८०च्या दशकात केंब्रिजला लॉरी आणि बेनेट यांनी हे उलगडून दाखवलं. टू-फोर-डी दिलं की दाणा फुगतो, पण दाबून बघा, आत नुसतं पाणी. दोन आठवड्यांनी तो उघडून त्या पाण्यात तरंगणारा टाचणीच्या टोकाएवढा भ्रूण उचलून मीडियावर ठेवायचा. कुठल्याही गव्हाला हे बऱ्यापैकी लागू पडतं, हा मोठा फायदा. पालमपूरच्या कृषी विद्यापीठाने मक्याच्या जागी इम्पेराटा वापरून दाखवलं. हे आपल्या दर्भाच्या गोतातलं गवत. ते गव्हाच्या सोबतच फुलतं, त्यामुळे मका पॉलीहाऊसमध्ये सांभाळत बसावं लागत नाही. जवामध्ये १९७०मध्ये कॅनडात कॅशा आणि काओ यांनी त्याच्याच एका रानटी भावंडाशी संकर करून असाच परिणाम मिळवला होता.

मक्यात तर काचेची भांडीच लागत नाहीत. इंड्यूसर लाइनचा, म्हणजे हॅप्लॉइड दाणे घडवणाऱ्या खास मक्याचा, पराग टाकला की काही टक्के दाणे हॅप्लॉइड निघतात आणि ते रंगावरून ओळखता येतात: दाण्याचा माथा जांभळा, आतला कोंब पांढरा. कर्नाटकात कुणिगलला डिसेंबर २०२१पासून सिमिट (आंतरराष्ट्रीय मका व गहू संशोधन संस्था) आणि बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचं डीएच केंद्र आहे. मक्याचं काम असेल तर स्वतः खटपट करण्याआधी तिथे चौकशी करा. ज्वारी-बाजरीत मात्र रोजच्या वापराची पद्धत अजून बसलेली नाही. तिथे पिढ्याच काढाव्या लागतात.

तर तुमचा संकर. इथे मी तुम्हाला थांबवणार आहे. रत्यात खार सहन करण्याची ताकद आहे, पण त्यासोबत उंची, लोळणं, जाड लाल दाणा हेही आहे. एफ-१मधून डीएच काढले तर गुणसूत्रांची अदलाबदल फक्त एकदाच होते. हव्या जनुकाच्या शेजारी बसलेलं नको ते जनुक सुटायला एवढी संधी पुरत नाही, आणि एकदा पक्कं झालं की ते त्या लाइनीतून कधीच सुटणार नाही. सहा पिढ्यांचा खाचरातला मार्ग संथ असतो, पण प्रत्येक पिढीत सांधे तुटायला थोडी जागा देतो. म्हणून या खरिपात एफ-१चा परागकोश पेरायच्या ऐवजी त्यावर सुधारित वाणाचा पराग टाकून बॅकक्रॉस करा. पुढच्या हंगामात त्या रोपांतून खार सहनशीलतेचा मार्कर असलेली आणि त्यातल्या त्यात बुटकी अशी दहा-बारा रोपं निवडा. परागकोश त्यांचे घ्या. सरासरीने रत्याचा वाटा चौथ्या हिश्श्यावर आलेला असेल. त्यासाठी तुमच्या रत्यात कुठल्या गुणसूत्रावर काय आहे ते आधी बघावं लागेल. पोक्काली या केरळच्या खार सहन करणाऱ्या भातातला पहिल्या गुणसूत्रावरचा सॉल्टॉल हा खार सहनशीलतेचा जनुक-भाग रत्यात असेलच असं धरून चालू नका. काळा रता आणि भुरा रता यांच्यावर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचं जुनं काम आहे. एकदा जाऊन त्यांच्याशी बोला.

वेळेचाही खरा हिशेब मालकांसमोर ठेवा. सप्टेंबरात पोटरी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कॅलस, जानेवारीत रोपं बाहेर, मेमध्ये मूठमूठ बी. खरीप आणि उन्हाळी अशा वर्षाला दोन पिढ्या काढल्या तर एफ-६ला तसेही अडीच-तीन वर्षांत पोचता. म्हणजे वाचतात दीड-दोन वर्षं. दिवसमानाला बांधलेल्या, फक्त खरिपात फुलणाऱ्या भातात मात्र चार-पाच वर्षं वाचतात, आणि तुमचा रता तसा असेल तर डीएचचा खर्च भरून निघतो. त्यानंतरच्या चाचण्या, खाऱ्या खाचरातली तीन वर्षं, बीजोत्पादन, यातला एक दिवसही कमी होत नाही. एक दिलासा मात्र आहे. ही जनुक बदललेली पिकं नव्हेत, त्यामुळे त्या परवानग्यांचा फेरा नाही. आणि वाणाची नोंदणी करताना एकसारखेपणा दाखवायला डीएचइतकं सोपं काही नाही.

लॅब आत्ता बांधू नका. जळगावकडे आणि इतरत्र केळीची रोपं करणाऱ्या टिश्यू कल्चर लॅब आहेत. त्यांतल्या एखाद्या लॅबमध्ये दोन लॅमिनार फ्लो (निर्जंतुक हवेची टेबलं) आणि एक अंधारी खोली हंगामापुरती भाड्याने मिळते का बघा. तिथल्या मुलींचे हात तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी चपळ असतात. दाणा आपटून परागकोश पाडणं त्या अर्ध्या दिवसात शिकतील. तुम्ही तोवर एक जुना सूक्ष्मदर्शक, ॲसिटोकार्माइनची बाटली आणि पट्टी घ्या. ऑगस्टअखेरपासून रोज सकाळी सात वाजता दोन्ही पालकांच्या पोटऱ्या कापायला लागा आणि सांध्यातलं अंतर, दाण्यातल्या सावलीची उंची, काचपट्टीवर दिसलेली अवस्था हे तीन रकाने वहीत भरा. ती वही भरली की मला तिचे फोटो पाठवा. पोटरी कुठल्या सेंटिमीटरला कापायची ते मग ठरवू.